रायपूरचे लॉर्ड सिन्हा

इंग्लंडांतील सरदारक्यांचा उगम शोधूं गेल्यास तो बहुधा रणांगणावर, राजाच्या मर्जींत किंवा अलीकडच्या काळांत पैशाच्या थैलींत सांपडतो. १९१९ सालीं मात्र अशी एक वंशपरंपरेची पदवी एका बंगाली कायदेपंडिताच्या घरीं आली. बीरभूम जिल्ह्यांतील रायपूरचे सत्येंद्रप्रसन्न सिन्हा हे ‘बॅरन सिन्हा ऑफ रायपूर’ झाले. हा मान मिळालेले ते पहिले हिंदी गृहस्थ. १९१५ च्या मुंबई काँग्रेसचे अध्यक्ष म्हणून महाराष्ट्राला ते परिचित होतेच. १९१९ चा हिंदुस्थान सरकारचा कायदा उमरावसभेंत पार पाडण्याचें कामही भारतमंत्र्यांचे उपमंत्री या नात्यानें त्यांनींच केलें.

१९२८ च्या मार्चमध्यें ते वारले आणि खरा पेंच तेथून पुढें उभा राहिला. थोरले चिरंजीव अरुणकुमार वारस, यांत घरांत कोणालाच शंका नव्हती. पण पदवीच्या सनदेप्रमाणें ती कायदेशीर विवाहापासून झालेल्या पुत्राकडेच जावयाची. सिन्हांचा विवाह १८८० सालीं हिंदु पद्धतीनें झालेला. त्या काळीं हिंदु पुरुषाला दुसरी पत्नी करण्यास कायद्याची आडकाठी नव्हती. आणि एका पुरुषाचा एकाच स्त्रीशीं आजन्म संबंध तोच विवाह, असें इंग्लिश न्यायालय १८६६ पासून सांगत आलें होतें. सिन्हांनीं दुसरी पत्नी कधींच केली नाहीं. पण करतां आली असती, एवढ्यावरच अडलें! ज्या मातेला समाजांत सर्व मानानें वागवीत, तिच्या विवाहाची अशी चिकित्सा व्हावी, हें कोणत्याही कुटुंबाला बोंचणारेंच.

अखेर १९३९ सालीं उमरावसभेच्या विशेषाधिकार समितीनें निकाल दिला. सिन्हा पतिपत्नी १८८६ सालीं साधारण ब्राह्म समाजांत गेलीं होतीं. त्या समाजांत एकपत्नीत्व हा दंडकच. त्यामुळें मूळच्या विवाहाला एकपत्नीक विवाहाचें स्वरूप आलें, आणि अरुणकुमार जन्मले ते त्यानंतर, १८८७ सालीं. त्यांचा हक्क मान्य झाला. चिरंजीव दोन वर्षें आधीं जन्मले असते तर समितीला याहून कठीण प्रश्न सोडवावा लागला असता.

दुसरे लॉर्ड सिन्हा १९६७ सालीं निवर्तले. तत्पूर्वींच, १९४६ सालीं मुंबई प्रांतानें आणि १९५५ सालीं हिंदी संसदेनें, हिंदु पुरुषाला दुसरी पत्नी करण्याची मनाई केली होती.