आधी घराचं माप, मग राउटर

(बोईसर येथील मासिक सभेत क्षेत्र समन्वयकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



कर्जफेड आणि हिशेब झाले, आता थोडा वेळ वायफायवर बोलू. काही जणींना वाटेल, हे तर पोरांचं काम. पण बघा, गटाच्या नोंदी लोकओएस ॲपवर गेल्या. सीआरपी ताईंच्या मीटिंगा मोबाइलवर होतात. पापड-मसाल्याच्या ऑर्डरी व्हॉट्सॲपवर येतात आणि पैसे यूपीआयने. म्हणजे नेट आता घरखर्चाच्या वहीतली एक ओळ झाली आहे. जिथे आपला पैसा जातो, तिथली वस्तू आपल्याला पारखता यायला हवी. माप घेतल्याशिवाय आपण ब्लाउज शिवायला टाकत नाही. राउटरचंही तसंच आहे.

पहिलं माप: माणसं आणि काम

घरात एका वेळी किती फोन चालतात ते संध्याकाळी आठ वाजता मोजा, कारण खरी गर्दी तेव्हाच असते. फोनवर साधा व्हिडिओ बघायला साधारण एक-दोन एमबीपीएस लागतात, चांगल्या एचडी चित्राला पाचच्या आसपास. गटाच्या नोंदी भरायला आणि यूपीआयला तर फारच कमी. म्हणजे पाच-सहा फोनच्या घराला 30 एमबीपीएसचा प्लॅनही पुरतो. विकणारा 200 चा गळ्यात मारायला बघेल. त्याला विचारा, "दादा, आमच्या घरी एवढं वापरणार कोण?" आणि जाहिरातीतल्या दरावर 18 टक्के जीएसटी लागतो का, तेही विचारा. 500 रुपयांचा प्लॅन हातात 590 ला पडतो.

दुसरं माप: घरात आधीच काय आहे

फायबरचं कनेक्शन घेतलं की कंपनीचा माणूस एक डबा लावून जातो. त्याला ओएनटी म्हणतात. बहुतेक डब्यांत वायफाय आतच असतं, त्यामुळे वेगळा राउटर लागतोच असं नाही. आधी महिनाभर तोच वापरा. तो डबा कंपनीचा आहे की आपला, अनामत किती, कनेक्शन बंद केल्यावर ती परत मिळते का, हे अर्जावर सही करण्याआधी वाचा. गटाच्या कर्जाचा कागद वाचतो तसंच.

तिसरं माप: भिंती

आपल्या भागात घरं तऱ्हेतऱ्हेची. पाड्यावरच्या कारवीच्या कुडातून वायफाय सहज पार होतं. बोईसर-सरावलीच्या चाळीतल्या विटांच्या भिंतीत ते मंदावतं आणि स्लॅबमध्ये आणखी. पत्रा, लोखंडी कपाट, पाण्याची टाकी यांच्यापुढे तर ते हातच टेकतं.

राउटरच्या लहरी दोन प्रकारच्या. 2.4 गिगाहर्ट्झ लांब जाते, भिंत पार करते, पण वेग कमी. 5 गिगाहर्ट्झ वेगवान, पण एक-दोन भिंतींतच दमते. चाळीत प्रत्येक खोलीत राउटर असला की 2.4 वर बाजाराच्या दिवसासारखी गर्दी होते, तिथे जवळच्या फोनला 5 चा मोठा आधार. म्हणून दोन्ही असलेला, म्हणजे "ड्युअल बँड" राउटर घ्या. एकाच बँडचा स्वस्त मिळतो, पण चाळीत त्याचा त्रास होतो.

खोक्यावर काय वाचायचं

अँटेना मोजू नका. चार शिंगं असली म्हणून म्हैस जास्त दूध देत नाही. पुढचं बघा.

खोक्यावर एसी 1200 असं लिहिलेलं असतं. हा दोन्ही बँडची बेरीज करून काढलेला कागदावरचा आकडा आहे. प्लॅन 30 चा असेल तर राउटर कितीही मोठा असो, नेट 30 चंच येणार.

"गिगाबिट पोर्ट" लिहिलं आहे का बघा. साध्या पोर्टमधून 100 एमबीपीएसच्या पुढे जात नाही. प्लॅन 100 पर्यंतचा असेल तर साधा चालेल, उगाच जास्त पैसे घालू नका.

जुन्या टेलिफोन लाइनचा मोडेम-राउटर चुकून घेऊ नका. त्यात फोनच्या वायरीचं लहान भोक असतं. फायबरच्या डब्याला जोडायला "वॅन" लिहिलेलं, लॅन वायर बसेल असं मोठं भोक लागतं.

पक्कं बिल आणि वॉरंटी घ्या. पैसे वाचवायला सेकंडहँड घेतला, तर मागचं छोटं रिसेट बटण दाबून जुन्या मालकाची सेटिंग पुसून टाका.

मागच्या खोलीत येत नाही तेव्हा

आधी जागा बदला. राउटर घराच्या मधोमध, डोक्याच्या वर, उघड्यावर ठेवा. टीव्हीच्या मागे, फ्रिजवर किंवा भांड्यांच्या मांडणीत नको. बऱ्याचदा एवढ्यानेच काम होतं.

नाही झालं, तर दुकानदार रिपीटर देतो. तो ज्या लहरीवर ऐकतो, बरेचदा त्याच लहरीवर पुढे सांगतो, त्यामुळे वेग जवळजवळ निम्मा होतो. त्यापेक्षा मागच्या खोलीपर्यंत लॅन वायर ओढा आणि तिथे दुसरा साधा राउटर "ॲक्सेस पॉइंट" करून लावा. ही वायर 100 मीटरपर्यंत चालते. सासूबाईंची खोली, जाऊबाईंची खोली, मागची पडवी अशा रांगेतल्या घराला हीच पद्धत चांगली.

वीज आणि पावसाळा

तारापूरला देशातलं पहिलं अणुवीज केंद्र 1969 साली सुरू झालं, तरी पावसाळ्यात आपली बत्ती गुल व्हायची ती होतेच. फायबरच्या काचेच्या तारेतून वीज येत नाही, पण डब्याला आणि राउटरला वीज लागते. छोटा यूपीएस मिळतो. घेताना दोन्हींच्या अडॅप्टरवर किती व्होल्ट लिहिले आहेत ते बघा, बहुधा 12 असतात. फक्त राउटर यूपीएसवर लावला आणि डबा बंद राहिला तर उपयोग शून्य. कडकडाट सुरू झाला की प्लग काढून ठेवा.

आता सगळ्यात महत्त्वाचं: नाव आणि चावी

पैसे भरते बाई, पण कनेक्शन पतीच्या नाहीतर दिराच्या नावावर आणि ओटीपीही त्यांच्याच फोनवर. मग तक्रार करायची, प्लॅन बदलायचा, तर त्यांची वाट बघायची. जी पैसे भरते, तिचं नाव आणि तिचा मोबाइल नंबर अर्जावर असू द्या.

पण नाव आपलं म्हणजे जबाबदारीही आपली. आपल्या वायफायवरून कुणी फसवणूक केली, तर पोलीस आधी आपलंच दार वाजवतील. म्हणून राउटर लावला की दोन पासवर्ड बदलून घ्या. एक वायफायचा, दुसरा राउटरच्या सेटिंगचा. सुरक्षा डब्ल्यूपीए-2 किंवा 3 ठेवा. पासवर्ड म्हणून मोबाइल नंबर नको, 12345678 तर नकोच. पाहुण्यांसाठी "गेस्ट नेटवर्क" वेगळं करा. कुणाला फसवून पैसे गेलेच, तर लाजून गप्प बसू नका. लगेच 1930 वर फोन करा.

शेजारणींनी वाटून घ्यावं का?

हा प्रश्न दर सभेत येतो. चार खोल्यांनी मिळून एक कनेक्शन घेतलं तर स्वस्त पडेल, हे खरं. पण घरगुती कनेक्शन पैसे घेऊन बाहेर देणं बहुतेक कंपन्यांच्या अटींत बसत नाही, आणि जबाबदारी एकटीच्या गळ्यात राहते. चाळीत भाडेकरू दर दोन-चार महिन्यांनी बदलतात. गेलेल्याकडे पासवर्ड राहतो, हे विसरू नका.

वायफाय देऊन कमाई करायची असेल तर सरळ वाट आहे. केंद्र सरकारने डिसेंबर 2020 मध्ये पीएम-वाणीला मंजुरी दिली. किराणा दुकान, पिठाची गिरणी, चहाची टपरी असं कुणीही त्यात लोकांना वायफाय देऊ शकतं. दुकानदाराला परवाना लागत नाही, सरकारी शुल्क नाही. मात्र नोंदणी असलेल्या ॲग्रिगेटर कंपनीशी जोडून घ्यावं लागतं, तिच्या व्यवस्थेत चालणारा राउटर लागतो आणि ग्राहक कोण हे तिथे नोंदवलं जातं. कुणाचं दुकान कामगारांच्या वस्तीत असेल, तर गटात यावर जरूर चर्चा करा. कर्ज काढण्याआधी महिन्याचा खर्च आणि रोजची गिऱ्हाइकं कागदावर मांडा.

पुढच्या सभेला ज्यांना राउटर घ्यायचा आहे त्यांनी एका कागदावर तीन गोष्टी लिहून आणा: रात्री आठला चालणारे फोन, घराच्या भिंती आणि खोल्या, आणि कनेक्शन कुणाच्या नावावर आहे ते. आपण बसून ठरवू. दुकानात मग कागद घेऊन जा, म्हणजे तुम्हाला काय हवं ते दुकानदार नाही, तुम्ही सांगाल.