कुठे आणि का? : भूगोलाच्या सामान्यज्ञानाची खरी चाचणी

(वसई येथे पालक व विद्यार्थी यांच्यासमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



भूगोलाच्या सामान्यज्ञान चाचणीवर मी चार शब्द बोलावेत, अशी संस्थेची सूचना आहे. ही चाचणी आपल्याकडे कशी होते ते सर्वांना ठाऊकच आहे. जगातील सर्वांत उंच शिखर कोणते? एव्हरेस्ट. सर्वांत मोठा महासागर कोणता? पॅसिफिक. मुले पुस्तिका पाठ करतात, बक्षीस घेतात आणि पालकांना समाधान वाटते. पाठांतराला मी नावे ठेवीत नाही. नावे यायलाच हवीत. परंतु नावे बदलतात. कझाकस्तानची राजधानी १९९७ साली अल्माटीहून हलली. अस्ताना म्हणून ओळखल्या गेलेल्या नव्या राजधानीचे नाव २०१९ मध्ये नूर-सुलतान झाले आणि २०२२ मध्ये पुन्हा अस्ताना झाले. नायजेरियाची राजधानी १९९१ मध्ये लागोसहून अबुजाला गेली. इतके लांब तरी कशाला जावे? आपला पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला. त्यापूर्वीच्या प्रत्येक पुस्तिकेत वसई ठाणे जिल्ह्यात आहे.

जागा मात्र सहसा बदलत नाही, आणि त्या जागेची कारणेही लवकर बदलत नाहीत. म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे की, आपल्या चाचणीत ‘काय’ या प्रश्नाबरोबर ‘कुठे’ आणि ‘का’ हे दोन प्रश्न आले पाहिजेत. असे काही प्रश्न मी आज विचारणार आहे. उत्तरेही इथेच देतो, त्यामुळे कोणी घाबरू नये.

पहिला प्रश्न पाचूबंदरचा. भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे का जाते? पृथ्वी स्वतःभोवती एक फेरी करते तोवर चंद्रही आपल्या मार्गावर थोडा पुढे सरकलेला असतो. त्याला पुन्हा गाठायला पृथ्वीला तेवढा वेळ जास्त लागतो. अमावास्या व पौर्णिमेला सूर्य, चंद्र आणि पृथ्वी जवळजवळ एका रेषेत येतात, म्हणून त्या सुमारास उधाण येते. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते. बंदरावरचे कोळी बांधव हा हिशेब तिथीवरून करतात. आपला हिजरी महिनाही चंद्राचाच. घरात आज चांदची कितवी तारीख आहे हे ज्या मुलाला ठाऊक आहे, त्याने समुद्र न पाहता सांगावे : पहिल्या दोन-तीन तारखांना आणि पंधराव्याच्या आसपास उधाण, सातव्या-आठव्याच्या आणि बावीस-तेविसाच्या सुमारास भांग.

दुसरा प्रश्न. किल्ला नेमका इथेच का? वसईची खाडी म्हणजे उल्हास नदीचे मुख. या मुखावर ज्याचा ताबा, त्याच्या हाती आतल्या मुलखातून येणाऱ्या मालाची वाट. गुजरातच्या सुलतान बहादूरशहाने १५३४ साली वसई पोर्तुगीजांना दिली आणि १७३९ साली चिमाजी अप्पांनी ती जिंकली. या सनावळ्या आपली मुले इतिहासाच्या तासाला पाठ करतात. परंतु एवढा जीव या जागेसाठी का टाकला गेला, याचे उत्तर भूगोलाच्या तासाला मिळते.

तिसरा प्रश्न घड्याळाचा. सूर्य माथ्यावर येतो तेव्हा वसईत बारा वाजलेले असतात काय? नाहीत. भारताची प्रमाणवेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश रेखावृत्तावरून धरतात. वसई सुमारे ७२.८ अंशांवर आहे. फरक ९.७ अंशांचा. पृथ्वीला एक अंश फिरायला ४ मिनिटे लागतात. म्हणजे सरासरीने वसईची खरी मध्यान्ह १२ वाजून ३९ मिनिटांच्या आसपास होते. सूर्य ढळल्यावर जोहरची वेळ सुरू होते. मशिदीतील वेळापत्रकात ती बाराला का लिहिलेली नसते, हे आता मुलांनी घरच्यांना समजावून सांगावे.

चौथा प्रश्न. मक्का आणि नागपूर जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत, दोन्ही २१ अंश उत्तरेच्या किंचित वर. मग नागपुरात वर्षाला हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस आणि मक्केत दीडशेहूनही कमी, असे का? उन्हाळ्यात आशियाची जमीन तापते, नैर्ऋत्येकडून वारे ओढले जातात आणि अरबी समुद्रावरून वाफ घेऊन ते आपल्याकडे येतात. अरबस्तानच्या बहुतेक भागाच्या वाट्याला मात्र कोरडी, खाली उतरणारी हवा येते. एकाच समुद्राचे हे दोन काठ. पण वारा एकाकडे पाणी आणतो आणि दुसऱ्याकडे आणत नाही. या वाऱ्यांना ‘मान्सून’ म्हणतात, आणि हा शब्द अरबी ‘मौसिम’पासून आलेला आहे. नैर्ऋत्य वाऱ्यावर इकडे यायचे आणि ईशान्य वाऱ्यावर परतायचे, हे अरब दर्यावर्दींचे वेळापत्रक होते. अरब भूगोलकारांच्या ग्रंथांत जे ‘सुबारा’ येते, ते आपले सोपारा. अल-मसूदी हिजरी ३०४ मध्ये, म्हणजे इसवी सन ९१६ च्या सुमारास, आपल्याच किनाऱ्यावरील चौलला येऊन गेला आणि तिथल्या मुसलमान वस्तीबद्दल त्याने लिहून ठेवले. अल-बिरूनीने आज पाकिस्तानात असलेल्या नंदना येथील डोंगराच्या साहाय्याने पृथ्वीची त्रिज्या काढली. ही मंडळी पाहून, मोजून आणि कारण शोधून लिहीत होती. त्यांच्या नावाचा अभिमान आपण बाळगतो. मग त्यांची पद्धतही उचलावी.

पाचवा प्रश्न भिंतीवरच्या नकाशाचा. ग्रीनलंड मोठे की सौदी अरेबिया? बऱ्याच शाळांत टांगलेल्या नकाशावर ग्रीनलंड कितीतरी पट मोठे दिसते. प्रत्यक्षात दोहोंचे क्षेत्रफळ जवळजवळ सारखे, प्रत्येकी २१ लाख चौरस किलोमीटरांहून थोडे अधिक. मर्केटरने १५६९ साली जो नकाशा केला तो जहाज हाकायला सोयीचा होता. परंतु गोल पृथ्वी सपाट कागदावर पसरताना ध्रुवांकडचे प्रदेश त्यात फुगले. यावर उपाय म्हणजे पृथ्वीचा गोल आणि एक दोरा. वसईवर दोऱ्याचे एक टोक धरा, दुसरे मक्केवर ताणा. आपला किब्ला बरोबर पश्चिमेला नसून सुमारे १० अंश उत्तरेकडे कललेला दिसेल. मग दोरा न्यूयॉर्कवरून ताणा. मक्का न्यूयॉर्कच्या दक्षिणेकडच्या अक्षांशावर असूनही दोरा निघतो ईशान्येकडे. सपाट नकाशावर हे कोणालाही पटणार नाही. गोलावर सातवीतला मुलगा ते स्वतः दाखवील.

सहावा प्रश्न माणसांचा. सर्वाधिक मुसलमान राहतात ते चार देश कोणते? पुष्कळ मुले सौदी अरेबियापासून सुरुवात करतील. खरे उत्तर आहे : इंडोनेशिया, पाकिस्तान, भारत आणि बांगलादेश. यांतला एकही अरब देश नाही. चौघांची भाषा निराळी, पोशाख निराळा, जेवण निराळे. आपल्या कोकणातला मुसलमान घरात जी बोली बोलतो, तांदळाची भाकरी आणि मासळी खातो, त्यात त्याला कमीपणा वाटण्याचे कारण नाही. जगाच्या नकाशावर पाहिले तर मुसलमान असण्याचा असा एकच नमुना कुठेही नाही.

आता पालकांना थोडे सांगतो. कोकणच्या किनाऱ्यावरून आखातात नोकरीला गेलेली माणसे पुष्कळ आहेत. घरात तार, पत्र, नंतर फोन आणि पैसे आले, त्यांतून घरे उभी राहिली आणि मुले शिकली. पण मुलगा निघतो तेव्हा आपण पगार विचारतो, नकाशा उघडत नाही. ‘सौदीत नोकरी लागली, दर शुक्रवारी हरममध्ये नमाज पढेन’ असे एखादा मनाशी धरतो आणि नेमणूक निघते दम्मामला. दम्मामहून जिद्दा सरळ रेषेतही १,२०० किलोमीटरांहून लांब, म्हणजे साधारण मुंबई-दिल्ली इतके. तिथला उन्हाळा असा की अनेक आखाती देशांत ठरावीक महिन्यांत भर दुपारी उघड्यावर काम घ्यायला कायद्याने बंदी आहे. ही बंदी आहे हे ज्याला ठाऊक नाही, त्याच्याकडून दुपारी काम करून घेणारा भेटला तर तो मुकाट्याने करील. आखाताचे तोंड असलेली होर्मुझची सामुद्रधुनी सर्वांत अरुंद ठिकाणी ४० किलोमीटरांहूनही कमी रुंद आहे. तिथे तणाव वाढला की तेलाचे जहाज अडते, आणि त्याची काळजी आपल्या घरातल्या आईला लागते. ती काळजी कशाची, हे तिला नकाशावर दाखवता यावे एवढे ज्ञान तरी घरातल्या मुलाला असावे. हे सामान्यज्ञान बक्षिसापुरते नाही.

ज्यांना इथेच राहून पुढे जायचे आहे त्यांच्यासाठीही हे तितकेच खरे. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या पूर्वपरीक्षेत महाराष्ट्राचा, भारताचा आणि जगाचा भूगोल आहे; प्राकृतिकही आणि सामाजिक-आर्थिकही. तिथे नुसत्या नावांवर फार काळ निभत नाही. गोदावरी त्र्यंबकेश्वरला, अरबी समुद्राच्या इतक्या जवळ उगम पावून बंगालच्या उपसागराकडे का जाते, असा प्रश्न समोर आला की सह्याद्रीपासून पूर्वेकडे उतरत गेलेले पठार डोळ्यांपुढे उभे राहावे लागते.

शेवटी संस्थेला तीन सूचना. एक, पुढील चाचणीत निम्मे गुण कोऱ्या नकाशावर जागा दाखवण्यासाठी ठेवावेत. दोन, प्रत्येक मुलाला एक प्रश्न आपल्या गावाचा द्यावा : मिठागरे इथेच का, बोंबील या किनाऱ्यावर का वाळतात, विहिरीचे पाणी खारे का होते. उत्तर त्याने बंदरावर, वाडीत, घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून आणावे. तीन, मुलींची संख्या मुलांइतकी असावी. बाहेरगावी जाणारा नकाशा शिकला आणि मागे घर चालवणारी शिकली नाही, तर घर अर्धेच शिकले.

आणि पालकहो, दिवाणखान्याच्या भिंतीवर जगाचा एक नकाशा लावा. आपल्या घरातले माणूस जिथे जिथे असेल तिथे मुलाकडून टाचणी टोचून घ्या आणि विचारा, ‘बेटा, हे गाव तिथेच का वसले?’ उत्तर तुम्हाला येत नसेल तर उत्तमच. मग दोघे मिळून शोधा.