माहूरच्या अंगणात

श्रोतेहो, माहूर म्हटलं की आपला मराठवाडी माणूस आधी हात जोडतो. साडेतीन पीठांपैकी एक रेणुकामातेचं, शेजारच्या शिखरावर दत्त, पलीकडे अनसूया. सकाळी एस.टी.तून उतरायचं, तिन्ही डोंगर करायचे, तांबुलाचा प्रसाद तोंडात टाकायचा आणि संध्याकाळच्या गाडीनं परतायचं, अशी आपली रीत. मीही लातूरहून चार-पाच वेळा असाच जाऊन आलो होतो. पण त्या डोंगरांच्या कुशीत एक गाव आहे आणि तिथं चुली पेटतात, हे मला गेल्या फाल्गुनापर्यंत ठाऊक नव्हतं म्हटलं तरी चालेल.

झालं असं, की नांदेडला एका लग्नाच्या पंगतीत माहूरचे एक निवृत्त गुरुजी शेजारी बसले होते. बोलता बोलता म्हणाले, “देवीला येता आणि आमच्या दारावरून जाता. दोन रात्री राहायला या, मग माहूर दिसेल.” पंगतीतली आमंत्रणं पंगतीतच विसरायची असतात. पण माझ्या सौभाग्यवतीनं हे लक्षात ठेवलं. हल्ली परदेशात डोंगराळ गावांतले लोक घरातली एखादी खोली पाहुण्यांना देतात, आपल्या कोकणातही ‘न्याहारी व निवास’ योजना आहे. इथं मात्र ना पाटी होती ना दर. तेच अवघड होतं.

शुक्रवारी निघालो. नांदेडहून हदगाव, उमरखेड, महागाव असं करत गाडी चक्क विदर्भात शिरते आणि धनोड्यापाशी पैनगंगा ओलांडून पुन्हा नांदेड जिल्ह्यात येते. आपल्याच जिल्ह्यात जाण्यासाठी दुसऱ्याचं अंगण तुडवायचं, ही गंमत इथलीच. रस्त्यानं पळस पेटला होता. पलीकडे सागाचं पानगळीचं जंगल.

गुरुजींचं घर जुनं. दगडमातीच्या रुंद भिंती, वर माळवद. काकूंनी मोठ्या हौसेनं आतली खोली सारवून, नव्या चादरी घालून ठेवली होती. मी दारात उभा राहिलो आणि वर पाहिलं. लाकडी सरे, त्यांवर हातभर माती. पाय उंबऱ्याच्या आत जाईना.

श्रोतेहो, माझं गाव औसा तालुक्यातलं, किल्लारीच्या बाजूचं. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, चारला चार-पाच मिनिटं कमी असताना, काय झालं ते आपल्यापैकी पुष्कळांना सांगावं लागणार नाही. आदल्या रात्री गणपती विसर्जन करून माणसं नुकती निजली होती. मी नोकरीनिमित्त लातुरात होतो. वडील आणि धाकटी बहीण अशाच माळवदाखाली होती. उन्हाळ्यात थंड, थंडीत उबदार म्हणून ज्या मातीचं आपण कौतुक करायचो, तीच वरून आली. तेव्हापासून मी माळवदाच्या घरात झोपलेलो नाही, आणि पहाटे त्या सुमारास मला रोज जाग येते.

पण हे यजमानाला कसं सांगायचं? मी म्हणालो, “काकू, मला जरा उकाडा सोसत नाही. मी अंगणातच पडतो.” डोंगरावर फाल्गुनातही रात्री गारवा असतो. काकूंचा चेहरा उतरला. गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं. “तुमचं मूळ गाव कोणतं?” मी नाव सांगितलं. ते काही बोलले नाहीत. थोड्या वेळानं त्यांनी दोन बाजा अंगणात काढल्या, एक माझी, एक स्वतःची. “मलाही आत झोप लागत नाही,” म्हणाले. हे धादांत खोटं होतं, कारण दहा मिनिटांत ते घोरू लागले.

दत्तगुरू निद्रेला माहूरला येतात अशी श्रद्धा आहे. मला मात्र ठरल्या वेळी जाग आलीच. पाहतो तो गुरुजी कंदील पुसत बसलेले. “उठलाच आहात तर चला वर,” म्हणाले. अंधारात आम्ही गडाच्या पायऱ्या चढू लागलो. मी गेली कित्येक वर्षं ती वेळ छताकडे पाहत काढली होती. त्या दिवशी ती धापा टाकण्यात गेली. देवळाजवळ दगडी खलात पान कुटण्याचा आवाज येत होता. देवीचा तो शेंदरी, भव्य मुखवटा मी गर्दीविना प्रथमच पाहिला.

उजाडल्यावर गुरुजींनी रामगड दाखवला. गोंड, बहमनी, मोगल सगळे इथं नांदून गेले. माहूरच्या रायबाघनचा इतिहास सांगताना मास्तरकी जागी झाली. मोगलांकडून लढणारी ही बाई 1661 मध्ये उंबरखिंडीत शिवाजी महाराजांच्या कोंडीत सापडलेल्या सैन्याबरोबर होती. “पण बाई होती जिगरीची,” असा शेरा त्यांनी मारला, जणू वर्गातल्या वांड मुलीबद्दलच बोलत होते. पांडवलेणी पाहिली. उतारावर मोहाच्या झाडांखाली तांड्यावरच्या बाया फुलं वेचत होत्या. काकूंनी आमचे धपाटे आणि स्वतःची अंबाडीची भाजी एकाच ताटात वाढली. सौभाग्यवतीनं आंबटपणाबद्दल मत दिलं नाही, हे बरं झालं.

दुसऱ्या रात्री मी आपण होऊन खोलीत गेलो. दाराजवळ अंथरूण, दार सताड उघडं. अडीचपर्यंत झोपलो. मग अंगणात आलो. गुरुजींची बाज तिथंच होती, आणि शेजारी दुसरीही.

रविवारी उनकेश्वरला गंधकाच्या गरम पाण्यात पाय बुडवून किनवट गाठलं. हा तालुका 1956 पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होता, त्यामुळे बाजारात मराठीबरोबर तेलुगू सहज ऐकू येते. तिथून रेल्वेनं नांदेड.

निघताना मी काकूंच्या हातावर काही ठेवू पाहिलं. गुरुजी रागावले नाहीत. म्हणाले, “पैसे राहू द्या. लातूरची तूरडाळ चांगली म्हणतात, पुढच्या खेपेला आणा.” मी पुढच्या खेपेची वाट न पाहता दहा किलो डाळ पाठवून दिली. परवा पत्र आलं आहे: डाळ इथल्या पाण्यात लवकर शिजते, अंगणात मांडव घातला आहे, आणि यंदा बाजा विणून घ्यायच्या आहेत, तेव्हा किती माणसं येणार ते कळवा.