जयजयकार आणि करार



व्याख्यानमालेत कामगार कार्यकर्त्याला बोलावले की तो बोनसवर, महागाईभत्त्यावर किंवा कंत्राटी पद्धतीवर बोलणार, अशी श्रोत्यांची समजूत असते. मी मात्र आज अमेरिकेतल्या सतरा वर्षांच्या एका मुलावर बोलणार आहे. त्याचे नाव एक नाही. दरवर्षी तो नव्या नावाने येतो. तो हायस्कुलात शिकतो, चेंडू उत्तम फेकतो, आणि त्याने कोणत्या विद्यापीठाकडून खेळावे या एका प्रश्नावर लाखो प्रौढ माणसांची झोप उडते. आपल्यापैकी अनेकांची मुले-नातवंडे तिकडच्या विद्यापीठांत शिकतात. त्यांनी आणलेले, छातीवर विद्यापीठाचे नाव असलेले सदरे आपणही हौसेने घालतो. त्या नावाला जो झगमगाट आहे त्यातला पुष्कळसा या मुलाच्या खांद्यावर उभा आहे. म्हणून हा विषय.

प्रथम खेळ समजून घेऊ. आपण ज्याला फुटबॉल म्हणतो तो हा नव्हे. याचा चेंडू लांबट, दोन्ही टोकांना निमुळता असतो आणि पायापेक्षा हातानेच अधिक खेळला जातो. प्रत्येक बाजूला अकरा गडी. चाल सुरू झाली की मधला गडी चेंडू मागे देतो. तो ज्याच्या हाती येतो तो क्वार्टरबॅक. चेंडू दूर फेकायचा, शेजारच्या गड्याच्या हाती द्यायचा, की स्वतःच घेऊन धावायचे, हे त्याने दोनतीन सेकंदांत ठरवायचे. तेवढ्या वेळात शंभर-सव्वाशे किलोंचे गडी त्याला आडवा करायला धावून येत असतात. जिंकले तर श्रेय त्याचे, हरले तर दोषही त्याचाच.

अमेरिकेतल्या लहान गावांत शुक्रवारची संध्याकाळ म्हणजे हायस्कूलचा सामना. टेक्सासमधील ॲलन या गावाने २०१२ साली सुमारे ६ कोटी डॉलर खर्चून १८ हजार माणसे बसतील असे क्रीडांगण बांधले, तेही एका हायस्कूलसाठी! अशा मैदानावर एखादा मुलगा चमकला की त्याची मोजणी सुरू होते. त्याची उंची, वजन, धावण्याचा वेग टिपला जातो. त्याला दोनपासून पाचपर्यंत तारे दिले जातात. मुलगा गेल्या आठवड्यात कोणते विद्यापीठ पाहून आला, कोणता प्रशिक्षक त्याच्या घरी जेवून गेला, या बातम्या देणाऱ्या सेवा आहेत आणि त्यांना वर्गणी भरणारे वाचक आहेत. पुढे सही करण्याचा दिवस येतो. पूर्वीपासून तो फेब्रुवारीचा पहिला बुधवार असे. २०१७ पासून डिसेंबरातही सही करता येऊ लागली. शाळेच्या सभागृहात टेबलावर तीनचार विद्यापीठांच्या टोप्या मांडतात. मुलगा त्यांतली एक उचलून डोक्यावर घालतो. एका राज्यात जल्लोष होतो आणि दुसऱ्या राज्यात त्याच मुलाला शिव्याशाप सुरू होतात.

हे प्रेम खोटे आहे असे मी मुळीच म्हणत नाही. ज्या गावातला कारखाना बंद पडला, बाजारपेठ ओस पडली, तिथे आपल्या गावचा पोरगा लाख माणसांपुढे खेळणार या गोष्टीला फार मोल असते. माणसाला अभिमान बाळगायला काहीतरी लागते. मला चाहत्यांना दोष द्यायचा नाही. माझा प्रश्न इतकाच की हा जयजयकार चालू असताना मुलाच्या हाती काय पडते?

मिशिगन विद्यापीठाचे क्रीडांगण १,०७,६०१ प्रेक्षकांचे आहे. तिकिटे, दूरचित्रवाणीचे हक्क, सदरे, टोप्या यांतून विद्यापीठांना अमाप पैसा मिळतो. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत सरकारी पगारपत्रकावरचा सर्वांत मोठा पगार राज्यपालाचा नसून विद्यापीठाच्या फुटबॉल किंवा बास्केटबॉल प्रशिक्षकाचा असतो. खेळणाऱ्याला मात्र अनेक दशके शिष्यवृत्ती मिळे. १९७३ ते २०१२ या काळात तीही एकेका वर्षाचीच. पुढच्या वर्षी ती चालू ठेवायची की नाही हे वरचे लोक ठरवीत. आमच्या भाषेत याला हंगामी नोकरी म्हणतात.

या व्यवस्थेची मेख एका शब्दात आहे, आणि तो शब्द कसा जन्मला ते ऐकण्यासारखे आहे. १९०५ च्या हंगामात या खेळात इतके मुलगे दगावले की अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांना विद्यापीठांच्या प्रतिनिधींना बोलावून घ्यावे लागले. त्यातून १९०६ साली जी संस्था निघाली तीच आजची एनसीएए, म्हणजे महाविद्यालयीन खेळांची राष्ट्रीय संघटना. मुलांचा जीव वाचावा म्हणून ती निघाली. पुढे १९५५ साली कोलोरॅडो राज्यातल्या फोर्ट लुईस महाविद्यालयाचा रे डेनिसन हा खेळाडू सामन्यात डोक्याला मार लागून मरण पावला. त्याच्या पत्नीने कामगार नुकसानभरपाई मागितली. १९५७ साली त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती नाकारली. महाविद्यालय काही फुटबॉलचा धंदा करीत नाही, असे कारण दिले. त्या काळात असे दावे वाढतील या भीतीने एनसीएएने एक शब्द रूढ केला: ‘विद्यार्थी-खेळाडू’. खेळाडूला कामगार कोणी म्हणू नये यासाठी तो शब्द होता, हे त्या संघटनेचे अनेक वर्षांचे प्रमुख वॉल्टर बायर्स यांनीच १९९५ च्या आपल्या पुस्तकात लिहून ठेवले आहे. १९७४ साली टेक्सास ख्रिश्चन विद्यापीठाचा केंट वॉल्ड्रेप सामन्यात मान दुखावून कायमचा अपंग झाला. तो वर्षानुवर्षे भरपाईसाठी भांडला. २००० साली अपील न्यायालयाने तो कामगार नव्हता असा निकाल दिला. एका शब्दाने किती वर्षे काम केले पाहा!

शब्दांचा हा उपयोग आपल्यालाही अनोळखी नाही. अंगणवाडी सेविकेला आपण ‘मानसेवी’ म्हणतो आणि तिला पगार न देता ‘मानधन’ देतो. ती उपदानाला पात्र आहे हे ठरायला सर्वोच्च न्यायालयाचा २०२२ चा निकाल यावा लागला. दारोदार डबे पोचविणाऱ्या मुलाला कंपनी ‘भागीदार’ म्हणते. गोड नाव मिळाले की आधी पगारपत्रक तपासावे, असे आम्ही नव्या कार्यकर्त्यांना शिकवतो.

आता एका क्वार्टरबॅकची हकीकत सांगतो. केन कोल्टर हा कोलोरॅडोतला मुलगा भरती होऊन शिकागोजवळच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात आला. त्याला हाडांचा डॉक्टर व्हायचे होते. परंतु रसायनशास्त्राचा तास सरावाच्या वेळेवर येई, म्हणून तो विषय वेळेवर घेता आला नाही; अखेर त्याने मानसशास्त्र घेतले. ‘तो फुकट शिकतो, आणखी काय हवे?’ असे विचारणाऱ्यांना हे उत्तर आहे. फुकट शिक्षण मिळते, पण कोणते शिकायचे हे सरावाचे वेळापत्रक ठरवते.

२०१४ च्या जानेवारीत कोल्टर आणि त्याचे सोबती यांनी संघटना स्थापण्याचा अर्ज राष्ट्रीय कामगार संबंध मंडळाकडे केला. पोलाद कामगारांची मोठी युनियन त्यांच्या पाठीशी उभी राहिली. मागण्या कोणत्या? मेंदूला बसणाऱ्या माराबाबत संरक्षण, खेळ संपल्यावरही दुखापतीचा औषधोपचार, आणि जायबंदी झाला तरी शिष्यवृत्ती कायम. पगार ही त्यांची पहिली मागणी नव्हती. मंडळाच्या विभागीय संचालकाने चौकशी करून मार्चमध्ये निकाल दिला: शिष्यवृत्तीवर खेळणारे हे कामगारच आहेत. हंगामात ते आठवड्याला ४० ते ५० तास खेळाला देतात आणि त्यांच्यावर प्रशिक्षकाचा पुरा अंमल असतो. एप्रिलमध्ये खेळाडूंनी गुप्त मतदान केले. ‘नाही’ म्हणा, असा आग्रह प्रशिक्षकाने आणि संघाच्या हितचिंतकांनी धरला होता. मतपत्रिका सीलबंद झाल्या. पुढे १७ ऑगस्ट २०१५ रोजी मंडळाने एकमताने सांगितले की या प्रकरणात आम्ही अधिकार चालविणार नाही. हे कामगार आहेत की नाहीत यावर मंडळाने मत दिलेच नाही, आणि ती मते कधीच मोजली गेली नाहीत. मी अनेक निवडणुका हरलेल्या पाहिल्या आहेत. पण जिचा निकालच लागू दिला नाही अशी निवडणूक हरण्याहून जिव्हारी लागते.

तथापि पाणी वाहते राहिले. २०२१ च्या जूनमध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने फुटबॉलपटू शॉन ऑल्स्टन याच्या खटल्यात एनसीएएच्या विरुद्ध नऊ विरुद्ध शून्य असा निकाल दिला. १ जुलै २०२१ पासून खेळाडूंना आपल्या नावाचे आणि चेहऱ्याचे पैसे घेण्याची मुभा मिळाली. मग चाहत्यांनी वर्गण्या जमवून निधी उभे केले आणि त्यांतून खेळाडूंशी करार होऊ लागले. २०२५ च्या जूनमध्ये न्यायालयाने मंजूर केलेल्या तडजोडीप्रमाणे विद्यापीठे स्वतःही खेळाडूंना पैसे देऊ शकतात. २०२५-२६ साठी एका विद्यापीठाची मर्यादा सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर ठरली.

म्हणजे प्रश्न सुटला का? कॅलिफोर्नियातल्या पिट्सबर्गच्या जेडन रशादा या क्वार्टरबॅकचे उदाहरण घ्या. फ्लोरिडा विद्यापीठाच्या चाहत्यांच्या निधीने २०२२ साली त्याच्याशी १ कोटी ३८ लाख ५० हजार डॉलरचा करार केला आणि थोड्याच दिवसांत तो रद्द केला. खोटी आश्वासने देऊन आपल्याला दुसऱ्या विद्यापीठाकडून वळविले, असा दावा त्याने २०२४ साली लावला. खरेखोटे न्यायालयाने पाहावे. परंतु एका बाजूला वकील, धनिक आणि प्रशिक्षक, दुसऱ्या बाजूला शाळा सोडणारा एक मुलगा, आणि मध्ये करार मोडण्याची मुभा एकाच बाजूला! कागदावर कोट्यवधींचा आकडा असला तरी असा कामगार एकटाच असतो. शिवाय हे आकडे मोजक्यांचे. अमेरिकेच्या हायस्कुलांत सुमारे दहा लाख मुलगे हा खेळ खेळतात. त्यांतले शेकडा सातच्या आसपास महाविद्यालयात खेळतात, आणि महाविद्यालयातून व्यावसायिक संघांत निवड होणारे शंभरात दोनसुद्धा नसतात. बाकीच्यांच्या वाट्याला दुखरे गुडघे येतात.

आणि चाहत्यांचे प्रेम? २०२१ च्या नोव्हेंबरात नोटर डेम विद्यापीठाचा प्रशिक्षक हंगाम पुरा संपण्यापूर्वीच लुइझियानाच्या विद्यापीठाकडे अधिक पैशांवर गेला. चाहते रागावले, पण धंद्यात असे चालायचेच, म्हणून गोष्ट मिटली. २०२५ च्या एप्रिलमध्ये टेनेसीचा क्वार्टरबॅक निको इयामालेयावा पैशांच्या वाटाघाटी चालू असल्याच्या बातम्यांमध्ये सरावाला आला नाही. दुसऱ्याच दिवशी तो संघाबाहेर झाला आणि लोभी ठरला. साठीचा माणूस गेला तर व्यवहार, आणि विशीचा मुलगा अडून बसला तर गद्दारी! गिरणीच्या दारापाशीही आम्ही हेच ऐकत आलो: मालकाने हिशेब केला तर ती दूरदृष्टी, कामगाराने केला तर कृतघ्नपणा.

पैशाने खेळातली निष्ठा गेली, असे हळहळणारे पुष्कळ आहेत. त्यांची हळहळ खरी असेल. पण पैसा त्या मैदानावर फार आधीपासून होता. तो खेळणाऱ्यापर्यंत उशिरा पोचला, एवढेच झाले. करारामुळे प्रेम आटत नाही. ज्याचे औषधपाणी, शिक्षण आणि शब्द सुरक्षित आहेत तो मुलगा मोकळ्या मनाने खेळेल, आणि बघणाऱ्याचा आनंदही निर्मळ राहील.

म्हणून चाहत्याचे कर्तव्य टाळ्या वाजवून संपत नाही. संघ चाहत्यांच्या पैशावर आणि उत्साहावर चालतो, तेव्हा प्रश्न विचारण्याची ताकदही त्यांच्यापाशीच आहे. त्यांनी विचारावे: हा मुलगा उद्या जायबंदी झाला तर त्याचा उपचार कोण करणार, आणि किती वर्षे? खेळ सुटला तरी त्याची पदवी पुरी होणार का? आणि कराराच्या टेबलाशी त्याच्या बाजूने त्याचा स्वतःचा, त्याने निवडलेला माणूस बसतो का? नॉर्थवेस्टर्नच्या मुलांनी मागितले ते याहून वेगळे नव्हते, आणि अमेरिकेच्या विद्यापीठांनी त्याचे सरळ उत्तर अजून द्यायचे आहे. तिकडे शिकणारी आपली मुले आता सुट्टीत घरी येतील. सामन्याच्या गोष्टी ती रंगवून सांगतीलच. त्या जरूर ऐका, आणि मग हे तीन प्रश्न त्यांना विचारा.