पेशींचा संवाद आणि कर्करोग

(देवस्थानाच्या वार्षिक उत्सवानिमित्त दुधनी येथे झालेल्या व्याख्यानाची संहिता)



देवळाच्या सभामंडपात कीर्तन-प्रवचन व्हावे ही आपली परंपरा. तेथे एका रोगाविषयी बोलणे काहींना विचित्र वाटेल. परंतु जे पिंडी ते ब्रह्मांडी असे सांगणाऱ्या परंपरेला पिंडाचा विचार परका असू नये. शिवाय हा रोग असा आहे की, घराघरांतून त्याचे नावही घेतले जात नाही. ‘तो आजार’ एवढेच हलक्या आवाजात बोलले जाते, आणि त्या कुजबुजीत उपचाराचा मोलाचा काळ निघून जातो. म्हणून त्याचे नाव चारचौघांत, देवाच्या साक्षीने, स्पष्टपणे घेतलेले बरे. त्याचे नाव कर्करोग.

नावाचा इतिहास मनोरंजक आहे. प्राचीन ग्रीक वैद्यांनी गाठीभोवती पसरलेल्या शिरा पाहून तिला खेकड्याची उपमा दिली. लॅटिन भाषेत खेकडा म्हणजे ‘कॅन्सर’. ज्या पोर्तुगीज भाषेत ह्या प्रदेशाचा कारभार १९५४ पर्यंत चालला, तीत त्याच लॅटिन शब्दाचे ‘कांक्रु’ झाले. आपल्याकडे खेकड्याला कर्क म्हणतात, त्यावरून कर्करोग. सुश्रुतसंहितेत अशा गाठींना ‘अर्बुद’ म्हटले आहे. सारांश, हा रोग नवा नव्हे. नवे आहे ते त्याच्या कारणांचे ज्ञान. आणि त्या ज्ञानात एका मराठी विदुषीचा मोठा वाटा आहे. त्यांचे नाव डॉ. कमल रणदिवे.

कमलाबाईंचा जन्म ८ नोव्हेंबर १९१७ रोजी पुण्यास झाला. वडील दिनकर दत्तात्रेय समर्थ हे फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्राचे अध्यापक होते. मुलांइतकेच मुलींनीही उत्तम शिकावे हा त्यांचा आग्रह. कन्येचे शिक्षण हुजूरपागेत व पुढे फर्ग्युसनमध्ये झाले. तिने वैद्यकी करावी अशी पित्याची इच्छा होती. तिचा ओढा मात्र जीवशास्त्राकडे होता. १९३९ साली गणिताचे अभ्यासक श्री. रणदिवे यांच्याशी विवाह झाल्यावरही शिक्षण खंडित झाले नाही. १९४३ साली पुण्याच्या कृषी महाविद्यालयातून त्यांनी सीताफळाच्या कुळातील वनस्पतींच्या पेशींवर प्रबंध लिहून एम. एस्सी. पदवी मिळविली. पुढे मुंबईत टाटा स्मारक रुग्णालयात डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली संशोधन करून १९४९ साली त्या मुंबई विद्यापीठाच्या पीएच. डी. झाल्या. सीताफळाच्या पेशीपासून माणसाच्या पेशीपर्यंतचा हा प्रवास होय.

त्यानंतर अमेरिकेत बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात डॉ. जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी ऊतिसंवर्धनाची विद्या आत्मसात केली. शरीरातील जिवंत पेशी काचेच्या पात्रात, योग्य रस व योग्य उष्णता देऊन, वाढविणे म्हणजे ऊतिसंवर्धन. १९५१ साली हेन्रिएटा लॅक्स नामक एका स्त्रीच्या गाठीतून घेतलेल्या पेशी ह्याच डॉ. गाय यांच्या प्रयोगशाळेत अखंड वाढू लागल्या. ती माउली त्याच वर्षी निवर्तली; तिच्या पेशी जगभरच्या प्रयोगशाळांत आजही वाढत आहेत. परदेशात राहण्याचा मोह न धरता कमलाबाई मुंबईस परतल्या आणि १९५२ साली स्थापन झालेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली. १९६६ पासून १९७० पर्यंत त्यांनी त्या संस्थेचे संचालकपदही सांभाळले.

आता काचेच्या पात्रात दिसते काय, ते पाहू. निरोगी पेशी पात्राच्या तळावर पसरत जातात. शेजारणीचा स्पर्श झाला की थबकतात, आणि एकेरी थर पुरा झाला की वाढ आवरतात. इंग्रज शास्त्रज्ञ अ‍ॅबरक्रॉम्बी यांनी १९५०च्या दशकात ह्या स्पर्शाने थबकण्याचा पद्धतशीर अभ्यास केला. कर्कपेशी मात्र शेजारणीचा स्पर्श जुमानीत नाही. ती एकीवर एक रचत जाते. जणू तिला ‘आता पुरे’ हा निरोप ऐकूच येत नाही.

हा निरोप पोहोचतो कसा? मनुष्यदेहात सुमारे ३० लाख कोटी पेशी आहेत. त्यांचा संसार चालायचा तर बोलणे हवेच. हे बोलणे मुख्यतः तीन वाटांनी चालते. दूरचा निरोप संप्रेरकांच्या रूपाने रक्तातून जातो, टपालाने पत्र जावे तसा. जवळचा निरोप आसपासच्या द्रवातून पाझरतो, ओसरीवरून हाक मारावी तसा. तिसरी वाट प्रत्यक्ष संलग्न पेशींमधील सूक्ष्म नळ्यांची.

ह्या तिसऱ्या वाटेचा शोध रोचक आहे. १९६४ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील लोवेनस्टाईन व कान्नो ह्या शास्त्रज्ञांनी फळमाशीच्या अळीच्या लाळग्रंथीतील एका पेशीत सूक्ष्म सुई टोचून विजेचा क्षीण प्रवाह सोडला. तो शेजारच्या पेशीत सहज पोहोचला. रंगद्रव्य सोडले, तेही पोहोचले. म्हणजे दोन पेशींच्या भिंतींत आरपार दारे होती. पुढे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ती स्पष्ट झाली, आणि त्यांना ‘गॅप जंक्शन’ हे नाव मिळाले. कनेक्झिन नावाच्या सहा प्रथिनरेणूंचे एक कडे एका पेशीचे, तसेच दुसरे कडे शेजारणीचे. दोन्ही तोंडाला तोंड लावून जुळली की नळी तयार होते. तिच्यातून लहान रेणू व क्षार ये-जा करतात, मोठी प्रथिने अडतात. १९६६ साली त्याच शास्त्रज्ञांनी निरोगी यकृत आणि कर्कग्रस्त यकृत यांची तुलना केली. निरोगी पेशींत प्रवाह सहज वाहिला. त्यांनी तपासलेल्या कर्कपेशींत तो दाराशीच थांबला.

आपल्या प्रदेशात वारली बांधव तारप्याच्या सुरावर नाचतात, तेव्हा एकमेकांच्या कमरेला हात घालून फेर धरतात. सूर बदलला की पाऊल बदलते, आणि तो बदल हातांतून हातांत जाऊन सारा फेर एकदम वळतो. कोणी हात सोडून आपल्याच तालावर नाचू लागला तर फेर विसकटतो. कर्कपेशी ही बहुधा अशी हात सोडलेली पेशी असते.

तथापि शास्त्रात एका दृष्टान्ताने सर्व सिद्ध होत नाही. सर्वच कर्कपेशी मुक्या-बहिऱ्या नसतात. काही जाती आपसांत उत्तम संवाद राखतात. मेंदूत शिरलेल्या काही कर्कपेशी तर तेथील निरोगी पेशींशीच अशा नळ्या जोडून स्वतःची भरभराट साधतात, असे अलीकडे दिसून आले आहे. म्हणजे संवाद तुटणे हे जसे रोगाचे अंग, तसाच संवादाचा गैरवापर हेही.

कमलाबाईंचे स्वतःचे संशोधन पहिल्या वाटेवरचे, म्हणजे संप्रेरकांच्या बाजूचे होते. १९३६ साली अमेरिकेत बिटनर यांनी दाखविले की, उंदरांच्या काही कुळांत स्तनाचा कर्करोग आईच्या दुधातून पिलांकडे जातो. तो नेणारा घटक विषाणू असल्याचे पुढे कळले. कमलाबाईंनी उंदरांच्या निरनिराळ्या कुळांवर दीर्घकाळ काम करून आनुवंशिकता, संप्रेरके आणि विषाणू यांचा परस्परसंबंध उलगडण्याचा प्रयत्न केला. रोग एका कारणाने होत नसून देहाची प्रकृती आणि बाहेरचा आघात यांच्या मेळाने होतो, ही त्यांची दृष्टी होती. येथे मातांनी भिऊ नये. स्त्रियांच्या दुधातून असा रोग बालकाकडे जात असल्याचे आढळलेले नाही. उलट स्तनपानाने मातेचा धोका काहीसा घटतो.

अशा संशोधनाचे फळ रुग्णाच्या पदरात कसे पडते, ते ‘टॅमॉक्सिफेन’ ह्या औषधावरून कळते. स्तनाच्या अनेक गाठी इस्ट्रोजेन ह्या संप्रेरकाच्या निरोपावर वाढतात. हे औषध तो निरोप स्वीकारणाऱ्या जागेवर आधीच जाऊन बसते. पत्र येते, पण घेणारा हात रिकामा नसतो. ह्या गोळ्यांनी जगभर असंख्य स्त्रियांचे आयुष्य वाढविले आहे.

बाहेरच्या आघाताचा विषय निघाला की डॉ. खानोलकरांचे स्मरण होते. १९४५ साली त्यांनी सूर्याबाई यांच्यासह दाखविले की, भारतातील काही कर्करोगांचे मूळ लोकांच्या सवयींत आहे. कमरेला घट्ट धोतर नेसणाऱ्यांना कमरेवर, तंबाखू-चुना गालात धरणाऱ्यांना तोंडात, आणि आंध्रच्या किनाऱ्यावर जळते टोक तोंडात धरून चिरूट ओढणाऱ्यांना टाळूवर हा रोग होतो. विडी, तंबाखू, मिश्री, सुपारी आणि गुटखा ह्या गोष्टी आपल्या गावांना अनोळखी नाहीत. उत्सवाच्या दिवशी पाहुण्यापुढे तंबाखूचा बटवा सरकविणे हा आतिथ्याचा भाग मानला जातो. हे आतिथ्य आता आवरले पाहिजे.

तोंडातील व्रण तीन आठवड्यांत भरून न येणे, गालात पांढरा किंवा लाल चट्टा दिसणे, तोंड पुरते न उघडणे, स्तनात गाठ लागणे, पाळी गेल्यानंतर अंगावरून रक्त जाणे, ही लक्षणे लपवू नयेत. जवळचे आरोग्य केंद्र अथवा सिल्वासाचे श्री विनोबा भावे नागरी रुग्णालय गाठावे. तपासणीस मोठी यंत्रेच लागतात असेही नाही. टाटा स्मारक रुग्णालयाच्या डॉक्टरांनी मुंबईच्या झोपडपट्ट्यांतील सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास केला. प्रशिक्षित स्थानिक कार्यकर्त्या स्त्रियांनी सौम्य व्हिनेगर लावून गर्भाशयमुखाची तपासणी केली, आणि त्या रोगाने होणारे मृत्यू सुमारे ३१ टक्क्यांनी घटले. हा निष्कर्ष २०१३ साली जाहीर झाला. आपल्या गावातील शिकलेल्या सुना-मुलींना हे काम का जमू नये?

कमलाबाईंनी हीच दिशा धरली होती. १९७३ साली भारतीय महिला वैज्ञानिक संघाच्या स्थापनेत त्यांचा पुढाकार होता. १९८२ साली त्यांना पद्मभूषण लाभले. निवृत्तीनंतर त्या स्वस्थ बसल्या नाहीत. नगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यात, आपल्यासारख्याच डोंगराळ आदिवासी मुलखात, मुलांच्या पोषणाची पाहणी करीत त्या हिंडल्या. २००१ साली त्यांचे निधन झाले.

पेशीने शेजारणीचे ऐकणे सोडले की रोग सुरू होतो. घरातील माणसाने दुखणे सांगणे सोडले की तोच रोग बळावतो. पेशीचे बोलणे शास्त्रज्ञांनी पाहावे. घरातले बोलणे आपल्या हाती आहे. महाजन मंडळाने पुढील उत्सवात आरोग्य तपासणीचा एक दिवस राखावा, आणि त्या दिवशी पहिले तपासून घेणारे स्वतः महाजनच असावेत, एवढी विनंती सभेपुढे ठेवून, आणि सर्वांस आरोग्य लाभो अशी श्रीचरणी प्रार्थना करून, हे व्याख्यान येथे पूर्ण करणे उचित होईल.