दाब सोसणारी भिंत
(धम्मचक्र प्रवर्तन दिनानिमित्त मौदा येथे दिलेले भाषण)



मी कलाशाखेचा पदवीधर, बँकेतला कारकून. वैद्यकावर बोलण्याचा माझा अधिकार नाही. परंतु तीन वर्षांपूर्वी एका शिबिरात माझा रक्तदाब १६०/१०० निघाला. गोळ्या घेतल्या, बरे वाटले म्हणून चार महिन्यांत बंद केल्या. वर्षभराने वरचा आकडा १८० झाला होता. तरी मला त्रास असा काहीच नव्हता. का नव्हता, याच प्रश्नाने मला पुस्तके चाळायला लावली.

धमनी ही नळाच्या पाइपासारखी निर्जीव नळी नव्हे. तिच्या भिंतीचे तीन थर असतात: रक्ताला लागून पेशींचे पातळ अस्तर, मध्ये स्नायुपेशी आणि बाहेर तंतूंचे वेष्टन. दाब वाढला की पेशींना ताण जाणवतो आणि त्या भिंतीची रचनाच बदलू लागतात. मोठ्या धमन्यांत स्नायुपेशी आकाराने वाढतात, भिंत जाड होते आणि ताण विभागला जातो. लहान धमन्यांत बहुधा त्याच पेशी आतल्या बाजूस दाटीने नव्याने रचल्या जातात. पोकळी अरुंद होते. त्यातच कोलॅजेनचे चिवट तंतू वाढतात, लवचीक इलॅस्टिन तुटत जाते.

शरीराची ही युक्ती सुरुवातीला आपल्याला वाचवते. म्हणूनच दुखत नाही. पण नळीची त्रिज्या निम्मी झाली तर प्रवाहाला होणारा विरोध १६ पट होतो. त्यामुळे दाब टिकून राहतो, टिकलेल्या दाबाने भिंत आणखी ताठरते. कर्ज फेडण्यासाठी पुन्हा कर्ज काढावे तसे हे आहे. शेवटी वसुली होते ती मेंदू, हृदय आणि मूत्रपिंडाकडून.

बंधू-भगिनींनो, दबाव सोसण्याची सवय होणे म्हणजे दबाव संपणे नव्हे, हे आपल्या समाजाला वेगळे सांगायला नको.

परमपूज्य बाबासाहेबांना उत्तरायुष्यात मधुमेह, रक्तदाब अशा व्याधींनी ग्रासले होते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी त्यांनी नागपुरात आपल्याला धम्म दिला आणि अवघ्या ५३ दिवसांनी, ६ डिसेंबरला त्यांचे महापरिनिर्वाण झाले. रक्तदाबावर सहज घेता येणारी क्लोरोथायझाइडची गोळी बाजारात आली ती १९५८ मध्ये. त्यांच्या हाती जे नव्हते ते आज आपल्याला सरकारी दवाखान्यात मिळते, आणि आपण ते अर्ध्यावर सोडतो!

आनंदाची गोष्ट अशी की, भिंतीतला हा बदल काही अंशी मागे फिरू शकतो. काही औषधे सुमारे वर्षभर नियमित घेतल्यावर लहान धमन्यांची रचना सुधारल्याचे अभ्यासांत दिसले आहे. आकडा काही आठवड्यांत उतरतो. भिंतीला त्याहून फार जास्त वेळ लागतो. माझी चूक नेमकी इथे झाली. आकडा उतरला, तो मी रोग गेला असे समजलो.

तेव्हा विनंती एवढीच. त्रास नसला तरी दाब मोजून घ्या. लोणचे-पापड कमी करा. दिवसाचे मीठ ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाच्या एका चमच्याहून कमी ठेवा. खर्रा सोडा. आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी बंद करू नका.

तथागतांनी आजारी भिक्खूची शुश्रूषा स्वतःच्या हातांनी केली. आपण निदान घरातल्या वडीलधाऱ्यांना गोळीची आठवण तरी करून देऊ या.

नमो बुद्धाय! जयभीम!