बोटांनी वाचायचे पट्टे

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सोसायटीच्या हॉलमध्ये ज्येष्ठ नागरिक गटापुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



बँकेतून निवृत्त झालेला माणूस बोलायला उभा राहिला, की लोकांना वाटतं आता हा मुदत ठेवी आणि नॉमिनेशन यांवर बोलणार. ते विषय महत्त्वाचेच आहेत. नॉमिनेशन भरायचं राहिलं असेल तर उद्याच भरा. पण आज कमिटीने मला वेगळा विषय दिला आहे. गणपतीत आपल्या हस्तकला प्रदर्शनात जे क्रोशाचं पट्ट्यापट्ट्यांचं ब्लँकेट होतं, ते कसं विणलं, हे सांगायचं आहे. लिफ्टमध्ये, जिन्यात, दुधाच्या रांगेत मला एकच प्रश्न येतो, "काका, हे खरंच तुम्ही विणलंत?" हो, मीच विणलं. शिकवलं मात्र आमच्या सौ.ने.

आधी एक शंका दूर करतो. "हे बायकांचं काम" असं काही मित्र हसत हसत म्हणाले. अहो, कोष्टी पुरुष, शिंपी पुरुष, रफू करणारा पुरुष. मग क्रोशाच्या सुईनेच काय पाप केलं? आणि वयाचं म्हणाल, तर १९०० साली व्हिक्टोरिया राणीने बोअर युद्धातल्या सैनिकांसाठी आठ स्कार्फ स्वतः क्रोशाने विणले. तेव्हा ती ऐंशी पार केलेली होती आणि मोतीबिंदूने तिची नजर अधू झाली होती. आपण तर अजून पंचाहत्तरीच्या आसपासचे तरुण.

नजरेचा विषय निघालाच आहे, तर ब्लँकेटमागचं कारण सांगतो. आमच्या घरात तोरणं, रुमाल, नातवंडांची टोपडी, सगळं हिच्या हातचं. चार वर्षांपूर्वी हिच्या डोळ्यांच्या पडद्याचा विकार निघाला. त्यात नजरेच्या कडेचं दिसतं, पण मधोमध धुरकट डाग राहतो. माणूस दारात आला हे कळतं, पण चेहरा कळत नाही. टाके तर दिसेनातच. हिने सुयांचा डबा माळ्यावर ठेवायला सांगितला आणि त्या विषयावर बोलणं बंद केलं. एरवी दिवसभर बोलणारी बाई गप्प झाली, की घर फार मोठं वाटायला लागतं.

त्या थंडीत मी म्हटलं, तुला एक ब्लँकेट घेऊया, छान रंगीत पट्ट्यांचं. ही म्हणाली, "पट्टे मला दिसणार आहेत का?" मग जरा थांबून म्हणाली, "पट्टे हाताला लागले तर गोष्ट वेगळी." त्या एका वाक्यातून हे ब्लँकेट निघालं. पट्ट्याचा नुसता रंग बदलायचा नाही, टाकाही बदलायचा. म्हणजे डोळ्यांना जे कळत नाही, ते बोटांना कळेल. डबा माळ्यावरून खाली आला. ही खुर्चीत, मी शेजारी मोड्यावर, आणि माझी शिकवणी सुरू झाली.

आता प्रत्यक्ष कामाकडे येऊ. ज्यांना लिहून घ्यायचं असेल त्यांनी घ्या.

लोकर तुळशीबागेतून आणली. ॲक्रिलिक घेतली, कारण ती घरी धुता येते आणि तिला कसर लागत नाही. एक लक्षात ठेवा, ॲक्रिलिक आगीजवळ वितळतं, म्हणून शेगडी-समईपासून लांब. आमच्या ब्लँकेटला सुमारे आठशे ग्रॅम लागली. उठावाच्या टाक्यांना साध्यापेक्षा जास्त लोकर लागते, तेव्हा एखादा गुंडा जादाच घ्या. सगळे गुंडे एकदम घ्या आणि वेष्टणावरचा रंगाचा लॉट नंबर एकच आहे ना, हे बघा. लॉट वेगळा असेल तर तोच पिवळा दुसऱ्या खेपेला वेगळा दिसतो. सुई ५ मिलिमीटरची.

मग हिशोब. हा भाग माझ्या आवडीचा. आधी चार इंचाचा चौकोन विणून टाके मोजायचे. माझ्या हाताला चार इंचात १४ टाके आणि १० ओळी बसल्या. ब्लँकेट हवं ३६ इंच रुंद, ४५ इंच लांब. म्हणजे एका ओळीत १२६ टाके आणि एकूण साधारण ११२ ओळी. गुणाकार केला तर १४,११२ टाके. आकडा ऐकून घाबरू नका. मिनिटाला पंधरा टाके धरले तर रोज अर्ध्या तासात साडेचारशे होतात. आवर्ती ठेवीसारखं आहे हे, हप्ता लहान, पण चुकवायचा नाही. मला तीन महिने लागले, कारण उठावाचे टाके वेळ खातात आणि शिक्षिका कडक होती.

११२ ओळी म्हणजे चार-चार ओळींचे २८ पट्टे. टाक्यांचे प्रकार चार, म्हणजे प्रत्येक प्रकार सात वेळा येतो.

पहिला पट्टा साधा, पिवळा. चारही ओळी अर्ध्या खांबांच्या. हाताला सपाट, मऊ लागतो.

दुसरा गडद निळा. तोच अर्धा खांब, पण सुई टाक्याच्या दोन्ही धाग्यांतून न घालता फक्त मागच्या धाग्यातून घालायची. त्यामुळे आडव्या वळ्या उठतात.

तिसरा पांढरा. पहिली ओळ साध्या खांबांची. पुढच्या तीन ओळींत सुई टाक्याच्या डोक्यातून न घालता खालच्या खांबाला वेढून घालायची, एकदा पुढून, एकदा मागून. परतीच्या ओळीत जो खांब फुगीर दिसतो तो पुढून, जो खोल दिसतो तो मागून. उभ्या वळ्या तयार होतात.

चौथा मरून, बोंडांचा. एक ओळ मुक्या खांबांची, पुढची बोंडांची, असं दोनदा. बोंड म्हणजे एकाच घरात पाच खांब अर्धवट घालायचे आणि शेवटी सगळे एकत्र बंद करायचे. मुका खांब, बोंड, मुका खांब हे ४२ वेळा केलं की बरोबर १२६. ही ओळ उलट बाजूने विणायची, म्हणजे बोंडं सुलट बाजूला बाहेर येतात. चार ओळींच्या पट्ट्यात दुसरी आणि चौथी ओळ उलट बाजूचीच येते, त्यामुळे ते आपोआप जमतं.

आणखी तीन गोष्टी. पहिली, सुरुवातीची साखळी सैल घाला. हवं तर तेवढ्यापुरती अर्धा मिलिमीटर जाड सुई घ्या, नाहीतर खालची कड आवळून येते. दुसरी, रंग बदलताना जुन्या रंगाचा शेवटचा टाका पूर्ण करायचा शेवटचा वेढा नव्या रंगाने घ्या, म्हणजे सांधा स्वच्छ येतो. पट्ट्यातल्या ओळी सम असल्या की रंग नेहमी एकाच कडेला बदलतो. सगळी टोकं तिथेच राहतात आणि शेवटी काठ विणताना झाकली जातात. तिसरी, प्रत्येक ओळीनंतर टाके मोजा. १२६ म्हणजे १२६. काउंटरवर कॅश जुळल्याशिवाय आम्ही घरी जात नसू. इथेही तोच नियम. वळताना घातलेल्या साखळ्या मोजणीत धरायच्या नाहीत.

आमच्याकडे मोजणी मी करायचो, ऑडिट ही करायची. प्रत्येक पट्टा झाला की तिच्या मांडीवर द्यायचा. डोळे मिटून, अंगठ्याने एकेक बोंड चाचपत ती कडेपर्यंत जायची. "हे सैल", "हे छान बसलंय". डोळस माणसाला जे सुटतं ते तिच्या बोटांना सापडायचं. दहाव्या-अकराव्या पट्ट्याला तिने माझ्या हातातून सुई घेतली आणि मागच्या धाग्याची एक पूर्ण ओळ स्वतः विणली, नुसत्या स्पर्शावर. मी फक्त टाके मोजत होतो. १२६ भरले. त्या दिवसापासून निळे पट्टे तिचे.

ब्लँकेटची सुरुवात सपाट पट्ट्याने होते आणि शेवट बोंडांनी. त्यामुळे रात्री दिवा न लावता हिला कळतं, डोक्याकडची बाजू कुठली, पायाकडची कुठली. दिसायला ही लहान गोष्ट आहे. पण ज्या माणसाला दिवसातून पन्नास वेळा "हे काय आहे?" असं विचारावं लागतं, त्याला एक गोष्ट न विचारता कळणं काय असतं, ते मी घरात बघतो.

विणकामाची यंत्रं पुष्कळ आहेत, पण खरं क्रोशाकाम हातानेच होतं. म्हणजे जगात जिथे क्रोशाचं ब्लँकेट दिसेल, तिथे कुणीतरी बसून एकेक टाका घातलेला असतो. २०१६ साली चेन्नईत अनेक महिलांनी मिळून अकरा हजार चौरस मीटरहून मोठं क्रोशाचं ब्लँकेट केलं आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. आपल्याला तेवढं नको. आपल्या चार विंगांमध्ये असे काही सभासद आहेत, ज्यांची दुपार सरता सरत नाही. काहींची नजर कमी झाली आहे, काहींचं ऐकणं. त्यांना आपण भेटायला जातो, फळं नेतो, आणि दहा मिनिटांत बोलायचं काय हा प्रश्न पडतो. हातात काम असलं की तो प्रश्न पडत नाही.

म्हणून कमिटीच्या परवानगीने जाहीर करतो. येत्या बुधवारपासून दुपारी चार ते साडेपाच याच हॉलमध्ये आम्ही दोघं बसणार आहोत. एक गुंडा लोकर आणि ५ मिलिमीटरची सुई घेऊन या. पुरुषांनीही या. ज्यांना दिसत नाही त्यांनी तर नक्की या, कारण शिकवणारीलाही दिसत नाही. मोजणीची काळजी करू नका, ती माझ्याकडे. चहा आमच्या घरून येईल.